इटेन ट्रेनिंग कॅम्प, आठ वेळा

४ सप्टेंबर

या वहीत आजवर फक्त किलोमीटर असायचे. सकाळी किती, संध्याकाळी किती, पाय कसा आहे. टाचेमागच्या शिरेचं ऑपरेशन झालं तेव्हापासून पानं कोरी. कोरी पानं बघवत नव्हती म्हणून वही कपाटात टाकली होती. आज काढली, कारण आत्याने जेवताना बॉम्ब टाकला.

जानेवारीपासून ती घर भाड्याने देणार. एल्डोरेटचे सेरेम मास्तर लहान मुलांची शाळा काढताहेत, त्यांना आमचं ‘असिस’ पसंत पडलंय. सहा खोल्या, सहा वर्ग. आत्या नाकुरूला मुलाकडे जाणार. हे सगळं तिने मक्याची उगाली मोडता मोडता सांगितलं, जशी काही एखादी कोंबडीच विकायची आहे. मी विचारलं, आणि मी? तर म्हणाली, जेमेली, तू उंच आहेस, आखातात पहारेकरी म्हणून मुली घेतात, तुला लगेच घेतील.

तिचंही चूक नाही. पूर्वी इटेनला धावायला येणारे केनियाबाहेरचे लोक आमच्याकडे उतरायचे. कड्याच्या बाजूला ते पोहण्याच्या तलावाचं नवं हॉटेल झालं आणि आमच्याकडे कुणी फिरकेनासं झालं. एप्रिलपासून दोन पाहुणे. त्यातला एक खतं विकणारा, तोही गाडी आमच्या फाटकासमोर बंद पडली म्हणून.

मी म्हटलं, नाताळपर्यंत वेळ दे, खोल्या भरून दाखवते. कशा भरणार ते तिने विचारलं नाही. बरं झालं, मलाच माहीत नाही.

१० सप्टेंबर

माहीत झालं!

किबिवोत येऊन गेला. शाळेत तो माझ्या मागच्या बाकावर असायचा, आता एल्डोरेटला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. गेल्या वर्षी त्याने आम्हाला एक वेबसाइट करून दिली होती. तिच्यावर आत्याचा कोंबडी धरलेला फोटो आणि फोन नंबर, एवढंच. आज त्याने मला समजावलं की नुसता फोटो टाकून भागत नाही, लिहावं लागतं. इथे यायचं म्हणणारा माणूस फोन उघडतो तेव्हा तीन शब्द टाकतो: इटेन ट्रेनिंग कॅम्प. अशा शब्दांना त्यांच्या धंद्यात कीवर्ड म्हणतात. ते शब्द धरून एक चांगला, खरा लेख लिहायचा. तो आवडला तर गूगल आपलं पान लोकांपुढे धरतं. पहिल्या दहांत आलं तर लोक बघतात, त्याखाली कुणी जात नाही.

हे मला एका दमात कळलं. शर्यतीतसुद्धा दहाव्यानंतरची नावं कोण वाचतं?

लगेच लिहायला बसले. तेवढ्यात शेळीने दोर तोडला आणि तिच्यामागे पार सरूच्या झाडांपर्यंत पळावं लागलं. परत येऊन लेख पुरा केला. किती वाजता कुठल्या रस्त्याला धावायचं, इथल्या उंचीवर पहिल्या आठवड्यात दम कसा लागतो, आत्याच्या हातचं मुरसिक कसं लागतं (कोळशाच्या वासाचं आंबट दूध हे कसं सांगावं, मोठा प्रश्न पडला होता). किबिवोतने तो वाचून साइटवर चढवला. म्हणाला, हा एकच असू दे, यालाच अधूनमधून पाणी घाल.

जाताना चार्जर विसरला. आता तो न्यायला पुन्हा एवढ्या लांबून येणार. फार विसराळू आहे.

२८ सप्टेंबर

नववा! आमचा लेख नववा आला आहे. मी तीनदा शोधून बघितलं, मग भाड्याची मोटरसायकल घेऊन फाटकावर उभ्या बोडावाल्याच्या फोनवर बघितलं. नववा. तलाववाल्या हॉटेलच्या दोनच घरं खाली.

आत्या खालच्या शेतात मनागूची भाजी खुडत होती. तिथवर धावत जाऊन सांगितलं. ती म्हणाली, “नववी आलीस तर पदक मिळतं का?” म्हटलं, इथे दहाव्यालाही मिळतं. मग तिने भाजी माझ्या हातात दिली आणि स्वतः दुप्पट खुडायला लागली. खूश झाली की ती कामच वाढवते.

३ ऑक्टोबर

पहिलं पत्र. पोर्तुगालची इनेश म्हणून एक बाई, पोस्टात काम करते, वय पन्नाशीचं, महिन्याच्या मध्यावर दहा दिवस येते म्हणते. तिने आधीच सांगून टाकलंय की मी फार हळू धावते, तुमच्याकडे चालेल का. मी लिहिलं, चालेल काय, पळेल.

हे वाक्य लिहून मी स्वतःशीच इतकी हसले की आत्या बघायला आली.

५ ऑक्टोबर

झोपच येत नाही अशी कल्पना सुचली आहे.

एका लेखाने आम्ही नववे आलो. मग दहा लेख लिहिले तर? पहिल्या पानावर जागा दहा. सगळ्या दहा आमच्या! माणूस ‘इटेन ट्रेनिंग कॅम्प’ टाकेल आणि वरपासून खालपर्यंत असिस, असिस, असिस. तलाववाल्यांना पानावर पाय ठेवायला जागा उरणार नाही. एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली कशी नाही?

किबिवोतला फोन केला.  तो म्हणाला की असं करू नकोस, एकाच शब्दांवर इतके लेख घातले की ते एकमेकांचेच पाय ओढतात. मी म्हटलं, माझे लेख माझेच पाय कसे ओढतील? म्हणाला, रविवारी येऊन दाखवतो. मी म्हटलं, रविवारपर्यंत माझे तीन झालेले असतील.

त्याला जमलं नसतं म्हणून बोलतो. धीम्या स्वभावाची माणसं अशीच असतात.

८ ऑक्टोबर

तीन नाही, चार झाले.

‘इटेन ट्रेनिंग कॅम्प: सगळ्यात चांगला कुठला?’ ‘इटेन ट्रेनिंग कॅम्प: खाणंपिणं.’ ‘इटेन ट्रेनिंग कॅम्प: नवशिक्यांसाठी.’ ‘इटेन ट्रेनिंग कॅम्प आणि मालिश.’ मालिशच्या लेखात मी लिहून टाकलं की आमच्याकडे मालिश फुकट. तसं नाहीये, पण आत्याची मैत्रीण चांगली मालिश करते, तिला विचारून बघू. सगळ्यात चांगला कुठला, याचं उत्तर अर्थातच आम्ही. तेच सगळं पुन्हा लिहायचं म्हणजे कंटाळा येईल वाटलं होतं, पण नाही आला. हात नुसता धावतो आहे.

किबिवोत आला, चार्जर घेऊन गेला. मला त्याने बरंच काही दाखवलं, पण माझं लक्ष नव्हतं, पुढच्याचं शीर्षक मनात घोळत होतं. आत्याने त्याला जेवायला थांबवलं. तो मुरसिक इतकं आवडीने पितो की वाटतं, त्यासाठीच एवढ्या लांब येत असावा.

१७ ऑक्टोबर

इनेश आली आहे आणि मला ती फार आवडली. खरंच हळू धावते. आमच्याकडच्या आज्या पाण्याचा डबा डोक्यावर घेऊन तिच्या पुढे जातात. पण तोंडावर हसू असं की जणू जिंकूनच आली आहे.

तिच्यासोबत कुणीतरी हवं म्हणून मी जाते. मी चालते, ती धावते, आम्ही बरोबरच असतो. गाई आडव्या आल्या की पुढे पळत जाऊन त्यांना हाकलते, मग परत येऊन तिला गाठते. आज कड्याच्या वाटेवर आम्ही सगळ्यांच्या मागे होतो. शर्यतीत पुढे असताना मी फक्त पुढचीची टाच बघत असायचे. मागून पहिल्यांदाच दिसलं की धावणाऱ्यांचा जथा निघून गेला की रस्त्यावरची लाल धूळ किती सावकाश खाली बसते. आणि मग खाली केरिओचं खोरं कसं एकदम उघडतं.

इनेशने विचारलं, तू का धावत नाहीस? शीर तुटली होती म्हटलं. ती म्हणाली, होती ना? मी म्हटलं, हो. मग आम्ही दुसरंच काहीतरी बोललो. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी बोलावलं होतं, मी गेले नाही. तिथे काय ऐकायला मिळणार ते मला माहीत नाही का?

१९ ऑक्टोबर

आज आठवा लेख लिहिला. खरं तर मालिकेत तो बसतच नाही. कॅम्पचं त्यात काही नाही. इनेश, मी, गाई, धूळ, आणि इथे सगळ्यात मागे राहिलं तर काय काय दिसतं. लिहिता लिहिता थांबताच येईना. पण तेच तीन शब्द असल्याशिवाय उपयोग काय, म्हणून शीर्षक दिलं, ‘इटेन ट्रेनिंग कॅम्प: शेवटून पहिली’. सगळ्यात कच्चा झालाय. असू दे, जागा तर अडवेल.

२६ ऑक्टोबर

आनंदाची बातमी आणि एक गंमत.

आनंदाची: दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरित्झबर्गच्या एका दवाखान्यातल्या नर्सबायांचा धावण्याचा क्लब आहे. त्यांची प्रमुख थांडेका हिचं पत्र आलं. अकराजणी, दोन आठवडे, जानेवारीच्या शेवटी. अकराजणी! सहाच्या सहा खोल्या! मी आत्याला उचलून फिरवलं. ती ओरडत होती की भांडी फुटतील.

गंमत: आमचा नववा लेख सापडत नाहीये. कालपर्यंत होता. आज दुसराच एक, मालिशवाला, पार दुसऱ्या पानावर दिसतो. गूगलचं काहीतरी चाललं असेल.

२ नोव्हेंबर

रोज वेगळाच दिसतो. सोमवारी खाण्यापिण्याचा, मंगळवारी नवशिक्यांचा, काल एकही नाही. तलाववाले पहिले, त्यांच्याखाली कुठले कुठले, आणि आम्ही तिसऱ्या पानाच्या तळाशी. माझे आठ लेख कुठे मेले?

म्हणजे अजून कमी पडताहेत. दोन राहिलेत तेही लिहून टाकते.

५ नोव्हेंबर

नाही लिहिले. आज जे झालं ते सगळं लिहिते.

सकाळी थांडेकाचं दुसरं पत्र आलं. तिच्या क्लबातल्या तिघींनी तीन वेगळी पानं उघडली. एकीत मालिश फुकट, दुसरीत मालिशचे पैसे वेगळे, तिसरीत मालिशचं नावच नाही. एका पानावर पहाटेची धाव नवशिक्यांना सक्तीची आहे, दुसऱ्यावर त्यांनी पहाटे उठूच नये असं आहे. ‘तुम्ही एक कॅम्प आहात की तीन? आमच्यात वाद लागलेत. काहीजणी म्हणतात तलाव असलेल्या ठिकाणी जाऊ.’

 किबिवोत आलाच होता, या वेळी आमच्या वेबसाइटला जंतू लागलेत का ते बघायला. त्याला पत्र दाखवलं. मला वाटलं आता हा ‘मी सांगितलं होतं’ म्हणणार, आणि तो म्हणाला असता तर मी त्याला फाटकाबाहेर काढणार होते. त्याने खुर्ची ओढली आणि शांतपणे समजावलं. गूगलने कुठलं पान पुढे करायचं? आठही सांगतात की मीच इटेन ट्रेनिंग कॅम्प. आज एकाला पुढे करून बघतं, उद्या दुसऱ्याला, आणि एकही धड वाटत नाही म्हणून सगळ्यांना मागे सारतं. ज्यांना आपलं पान आवडलं त्यांनी आपापल्या ठिकाणी कौतुक केलं, पण कुणी या पानाचं, कुणी त्या. एकाच्या पदरात पडायचं ते आठ ठिकाणी सांडलं.

“जेमेली,” तो म्हणाला, “तुझ्या वाटेत दुसरं कुणी नाही. तूच उभी आहेस.”

आत्या चहा घेऊन आली होती, दारातच थांबून ऐकत होती. म्हणाली, “एकाच मुलाला एका घरातल्या आठ मुली दाखवल्या तर तो बिचारा गोंधळून घरी जातो. जी द्यायची ती एकच पुढे करावी.” आणि किबिवोतला म्हणाली, “खरं की नाही रे?” तो बिचारा चहाने भाजला की काय, कानापर्यंत लाल झाला.

मी रडले. फार नाही. माझी हुशारी मला एवढी आवडली होती, त्याचं वाईट वाटलं.

१२ नोव्हेंबर

आठांचा एक करायचा. कुठला ठेवायचा, यावर दुपारभर वाद झाला. मी म्हटलं पहिला, तो नववा आला होता. किबिवोत म्हणाला ‘शेवटून पहिली’. मला वाटलं चेष्टा करतोय. त्यात कॅम्पचं काय आहे, एक बाई आणि एक लंगडी रस्त्याने चालल्यात.

तो म्हणाला, लोक बाकीचे लेख उघडतात आणि बंद करतात, हा एक शेवटपर्यंत वाचतात, त्याच्याकडे आकडे आहेत. मग खाली बघत म्हणाला, “मी पण तो परत परत वाचतो.”

कामाचा माणूस आहे. शुद्धलेखन तपासत असेल.

शेवटी त्याचं ऐकलं. तोच लेख मध्ये ठेवला आणि बाकीच्या सातांतलं जे खरं होतं तेवढं त्यात आणलं. खरं फारसं निघालं नाही. रस्ते, खाणं, उंची, खोल्या. मालिश: पैसे वेगळे, आत्याची मैत्रीण करते, बोलते फार. गरम पाणी: बादलीत, चुलीवरचं. तलाव नाही, हेही लिहिलं. मग किबिवोतने अशी व्यवस्था केली की सातांपैकी कुठलंही जुनं पान उघडलं तरी माणूस या एकावरच येईल.

सात लेख गेले. पण हलकं वाटलं, पाठीवरचा लाकडांचा भारा उतरल्यासारखं. थांडेकालाही खरं खरं लिहिलं: आम्ही एकच आहोत, मीच घाईघाईत तीन झाले होते.

२४ नोव्हेंबर

काही नाही. थांडेकाचं उत्तर नाही. गूगलवर तर आम्ही दिसतच नाही. आधी तिसऱ्या पानावर तरी होतो.

किबिवोत म्हणतो धीर धर. ऑपरेशननंतर डॉक्टरही हेच म्हणाले होते. मला या शब्दाचा राग येतो. आज एल्डोरेटला गेले होते, आखाताच्या एजन्सीची पाटी बघून आले. आत गेले नाही. परतीची मटाटू गाडी सुटत होती, कशीबशी पळून पकडली.

१ डिसेंबर

सेरेम मास्तर टेप घेऊन खोल्या मोजायला आले. सभ्य माणूस आहे, त्याचाच त्रास होतो. माझी खोली सगळ्यात धाकट्या मुलांना द्यायची म्हणतात, ऊन चांगलं येतं. भिंतीवर हत्ती काढणार आहेत. मीच त्यांना टेपचं टोक धरून दिलं.

 ते गेल्यावर मोजलेल्या सगळ्या खोल्या आत्याने पुन्हा झाडल्या.

७ डिसेंबर

अकरावा!

किबिवोतने पहाटेच फोन केला. दुसऱ्या पानाच्या डोक्यावर आहोत. हा माणूस झोपेतून उठल्या उठल्या माझीच वेबसाइट बघतो की काय!

१३ डिसेंबर

चौथा! चौथा! चौथा! मी अंगणात तीन फेऱ्या मारल्या, कोंबड्या छपरावर चढल्या. वर तीनच आहेत. त्यातले तलाववाले दुसरे. एक पान, एकच, तेही शेवटून पहिलीचं.

दोन पत्रं आली आहेत. एक कंपालाचं जोडपं, मार्चमध्ये. एक हॉलंडचे आजोबा, ते विचारतात की चुलीवरच्या पाण्याचा वास येतो का, त्यांना तो आवडतो.

१५ डिसेंबर

थांडेका! पूर्ण पत्र इथे उतरवून काढावंसं वाटतं, पण फार लांब आहे, थोडंच लिहिते. तिच्या आईचं आजारपण निघालं होतं म्हणून उत्तर राहिलं. परवा तिने पुन्हा शोधलं तर आमचं एकच पान मिळालं, ते तिने रात्रपाळीच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. ‘आमच्या क्लबात सगळ्या शेवटून पहिल्याच आहेत. तलाव नको. अकराजणी येतो.’

आत्याला वाचून दाखवलं. ती खुर्चीत बसली. मग म्हणाली की अकरा बायकांना मुरसिक पुरायचं तर आत्तापासून दुधाचे तुंबे धुवायला हवेत, आणि उठली.

१६ डिसेंबर

सेरेम मास्तर उत्तर घ्यायला आले. मला वाटलं आत्या माझ्यावर ढकलेल. तिने त्यांना चहा दिला, मुलांची चौकशी केली, आणि म्हणाली, “मास्तर, तुम्ही माणूस चांगले आहात, पण माझ्या घरी पाहुणे येणार आहेत.”

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“ते मी कधीच विचारत नाही,” आत्या म्हणाली.

मास्तर हसले. चर्चच्या मागचं एक घर रिकामं आहे, ते बघतो म्हणाले. मी त्यांना फाटकापर्यंत पोहोचवलं आणि म्हटलं, हत्ती काढायला मी येईन. मला हत्ती येत नाही. शिकेन.

२९ जानेवारी

कालपासून घरात अकरा बायका आहेत आणि घराला आवाज फुटलाय. गातात, भांडतात, एकमेकींचे बूट घालतात. आत्या त्यांना दटावते आणि त्या तिला मिठ्या मारतात. थांडेका माझ्याहून उंच आहे, तिने येताच मला उचललं.

सकाळी सगळ्यांना घेऊन कड्याच्या वाटेला गेले. मी नेहमीसारखी मागे, चालत. सगळ्यात मागे होती मबाली, ती फिजिओथेरपिस्ट आहे, गोल आणि गप्पिष्ट. वळणावर लाकडाचा ट्रक भरधाव येताना दिसला आणि पुढच्या सगळ्याजणी गाण्याच्या नादात रस्त्याच्या मधोमध. मी पुढे धावले, हात करून ट्रक थांबवला, त्यांना कडेला घेतलं. परत मबालीकडे आले तर ती रस्त्यात उभी, कमरेवर हात.

घरी आल्यावर तिने मला पायरीवर बसवलं आणि माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. टाच दाबली, वाकवली, वळवली. पुन्हा दाबली.

“पळायचं नाही असं कुणी सांगितलंय तुला?” तिने विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला कुणाचं नावच आठवेना. डॉक्टर नाही. आत्या नाही. कुणीच नाही.

“ही बरी झालेली आहे,” ती म्हणाली. “कधीचीच. चढावर तू माझ्यासमोर पळालीस तेव्हा लंगडली नाहीस. चालताना लंगडतेस.”

 मी पाय काढून घेतला आणि आत येऊन बसले. आता हे लिहिते आहे. शेळी, मनागूचं शेत, गाई, मटाटू. मागची पानं उलटून वाचली. माझंच अक्षर आहे.

३१ जानेवारी

आज सकाळी मबाली म्हणाली, “आज तू मागे राहायचं नाहीस. आमची आम्ही येऊ. जा.”

मी म्हटलं, रस्ता चुकाल. ती म्हणाली, तुझ्या पानावर रस्ता लिहिलाय, तो आम्हाला पाठ आहे.

आधी हळू. मग जरासं कमी हळू. टाच काही म्हणाली नाही. मागून अकराजणी शिट्ट्या वाजवत होत्या, त्या हळूहळू ऐकू येईनाशा झाल्या आणि नुसता माझाच श्वास उरला. सरूची झाडं गेली, चर्च गेलं, मास्तरांच्या नव्या शाळेची पोरं कुंपणावरून हात करत होती. वारा डोळ्यांत जात होता, पाणी येत होतं, ते पुसत नव्हते.

एल्डोरेटच्या रस्त्यावर समोरून किबिवोतची मोटरसायकल आली. मला बघून त्याने ती अशी थांबवली की घसरलाच. कुठे चाललीस, विचारलं. माहीत नाही म्हटलं. मी येऊ का? म्हटलं, ये, पण गाडीवरून नाही.

त्याने गाडी तिथेच बाभळीला टेकवली, हेल्मेट हँडलला अडकवलं आणि दुकानात घालायच्या चामडी बुटांत माझ्या शेजारी धावायला लागला. एल्डोरेटला राहून माणूस एवढा कसा मंदावतो कोण जाणे. पहिल्याच चढाला त्याचा भाता फुलला. पण थांबायचं नाव घेईना. आज बुधवार, दुकान उघडं सोडून हा इकडे कशाला आला होता, ते विचारायचं होतं. पण त्याच्यात बोलण्याइतका दमच उरला नव्हता.

मग मी वेग कमी केला.